महिन्याला तीन हजार उरतात, टाकायचे कुठे? भिशी, आरडी, सोन्याची स्कीम की एसआयपी

जळगाव एमआयडीसीत नाहीतर धुळ्या-भुसावळला नवीन कामाला लागलेली पोरं हेच विचारतात, सोळा-सतरा हजार पगार, घरी देऊन तीन हजार उरतात, टाकू कुठे? घरचे म्हणतात सोनं घे, मित्र म्हणतात भिशीत ये, मोबाईल म्हणतो एसआयपी कर, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडातून शेअर बाजारात टाक. मी म्हणतो व्याज नंतर बघा भाऊ, आधी हे बघा की पैसा कधी लागणार आणि अडीनडीला हातात येईल का.

भिशीचं गणित नीट समजून घ्या. बोलीची भिशी आहे, म्हणजे दर महिन्याला सगळे पैसे जमवतात आणि जो जास्त रक्कम सोडेल तो ते उचलतो. वीस जण, दोन-दोन हजार, म्हणजे चाळीस हजार जमले. एकाला घाई आहे, त्याने सहा हजार सोडले आणि चौतीस उचलले, ते सहा हजार सगळ्यात वाटले की त्या महिन्यात प्रत्येकाला सतराशेच भरावे लागतात. छान वाटतं, पण लवकर उचलणारा व्याज देतो आणि शेवटी उचलणारा व्याज खातो, असा तो मामला आहे. म्हणजे बचतीसाठी गेलात तर शेवटपर्यंत थांबायचं आणि आधी उचललेले सगळे हप्ते भरत राहतील ह्या भरवशावर बसायचं. चिट फंडचा कायदा १९८२ पासून आहे, पण गल्लीतल्या भिशीची नोंदणी कोण करतं? कोणी बुडवली तर हातात कागद नसतो. घरच्या, ओळखीच्या माणसांची असेल आणि रक्कम लहान असेल तरच जा.

सोनाराची अकरा हप्त्यांची स्कीम आपल्याकडे जोरात चालते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दागिना करायचा म्हणून. बहिणीचं लग्न ठरलंय, दागिना करायचाच आहे, तर ठीक. पण शेवटी सहसा रोख मिळत नाही, दागिनाच घ्यावा लागतो, त्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी, आणि ह्या पैशाला बँकेसारखा विमा नाही. बचत म्हणून मला ही पटत नाही.

आरडी म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचं खातं, पण त्यात पोस्ट आणि बँक यातला फरक कोणी सांगत नाही. पोस्टाची ५ वर्षांची, १०० रुपयांपासून, व्याजदर ऑक्टोबर २०२३ ला ६.७ टक्के झाला, त्या हिशोबाने महिना हजार भरले तर ६० हजाराचे ७१ हजाराच्या वर होतात. पण ३ वर्षांच्या आत मोडता येत नाही, नंतर मोडली तरी मुदतीआधी असेल तर बचत खात्याचंच व्याज. १२ हप्ते झाले की निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मात्र मिळतं. बँकेत वर्षभराची आरडी होते, मोडली तर व्याजच थोडं कमी. आणि बँकेत ५ लाखापर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तो लागू नाही, जास्त व्याज बघून तिकडे धावू नका.

एसआयपी पाचशेने सुरू होते, पण खात्री कसलीच नाही. जानेवारी २०२० ला ४२ हजाराला टेकलेला सेन्सेक्स, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, २३ मार्चला २६ हजाराच्या खाली बंद झाला होता, तेव्हा घाबरून काढणाऱ्यांचं नुकसान झालं, थांबलेल्यांचं भरून निघालं. सात-आठ वर्षं हात लावायचा नसेल तोच पैसा टाका.

मला विचाराल तर सुरुवातीला अडीच हजार बँकेच्या आरडीत, पाचशे एसआयपीत. आरडीत तीन पगाराएवढं जमलं की एसआयपी वाढवा. हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा.