स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

आधी एवढंच ठरवा की फोटो हवाय का व्हिडिओ, कारण बऱ्याच जणांचं काम बाण काढलेल्या एका स्क्रीनशॉटवर भागतं आणि ते उगाच भलंमोठं रेकॉर्डर डाउनलोड करून बसतात.

विंडोज असेल तर कीबोर्डवरचं विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस एकदम दाबा. स्क्रीन जरा काळपट होते, माउसने हवा तेवढा भाग निवडायचा, तो आपोआप कॉपी होतो, मग मेल किंवा चॅटमध्ये पेस्ट करा. हेच ते स्निपिंग टूल, आणि विंडोज ११ मध्ये त्यातच व्हिडिओपण होतो, फक्त बोलायच्या आधी माइक चालू आहे ना ते बघा. मॅकवर कमांड, शिफ्ट, ५. हे २०१८ च्या मोहावे या मॅकच्या आवृत्तीपासून आहे, फोटो व्हिडिओ दोन्ही होतं, माइक मात्र ऑप्शन्समध्ये जाऊन निवडावा लागतो.

कुणाला "आधी इथे क्लिक कर, मग इथे" असं समजवायचं असेल तर विंडोजवर ग्रीनशॉट घ्या. फुकट आहे, फोटोवर १, २, ३ असे आकडे टाकता येतात. शेअरएक्सही फुकट, लांबलचक पान स्क्रोल करत एका फोटोत घेतं, पण त्याचा मेनू बघूनच नवखा माणूस दचकतो, म्हणून मी घरच्यांना ते सुचवत नाही. तेच काम स्नॅगिट फार सुटसुटीत करतं, पण पैसे पडतात. रोज माहितीपत्रकं बनवत असाल तरच घ्या.

व्हिडिओत ओबीएस सगळ्यात ताकदवान, फुकट, वेळेची मर्यादा नाही. तरी नवख्याला नकोच. उघडलं की काळी चौकट दिसते, आधी सोर्स, म्हणजे काय रेकॉर्ड करायचं ते, जोडावा लागतो, तो जोडलाच नाही तर अख्खं रेकॉर्डिंग काळं येतं. लूम सोपं, रेकॉर्ड झालं की लगेच लिंक मिळते, पण फुकट प्लॅनमध्ये एक व्हिडिओ ५ मिनिटांचाच, आणि तो त्यांच्या सर्व्हरवर राहतो. बँकेचं किंवा ऑफिसचं काही दिसत असेल तर लिंकवालं नकोच, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवा.

खाते नंबर झाकताना ब्लर किंवा हायलायटरवर भरवसा ठेवू नका, गडद भरलेला चौकोनच टाका.

आणि पैसे भरायच्या आधी ट्रायलमध्ये एक छोटा व्हिडिओ सेव्ह करून पूर्ण बघा, काहींचा वॉटरमार्क, म्हणजे व्हिडिओवर येणारं कंपनीचं नाव किंवा लोगो, रेकॉर्ड करताना दिसतच नाही, सेव्ह केल्यावर उमटतो.