गोव्यात बाजारहाट: फलोत्पादनचा गाडा, म्हापशाचा शुक्रवार, बागायतदार की ॲप?

गोव्यात नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट लवकर येते. टोमॅटो चार ठिकाणी चार भावांनी मिळतो आणि चारही टोमॅटो बहुधा एकाच गावाहून आलेले असतात. राज्यात खपणारी बरीचशी भाजी बेळगावची. रात्री ट्रक भरतात, चोर्ला किंवा अनमोड घाट उतरतात आणि सकाळी तोच माल सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर, बाजारातल्या ओट्यावर, सुपरमार्केटच्या थंड कपाटात आणि ॲपच्या गोदामात पोचतो. म्हणून कुठे घ्यायचे हे ठरवण्याआधी माल कुठचा ते बघा. बेळगावचा असेल तर जिथे सर्वांत स्वस्त तिथे घ्यावा, त्यासाठी बाजारात भाव करत उभे राहण्यात अर्थ नाही. गोव्यातला असेल तर दोन पैसे जास्त मोजून बाजारातच जावे, कारण तो दुसरीकडे फारसा येतच नाही.

फलोत्पादन महामंडळाचा गाडा

गोवा राज्य फलोत्पादन महामंडळ सरकारी अनुदानातून ठरावीक भाज्या बाजारभावापेक्षा कमी दराने विकते. गाडे गावोगावी, नाक्यानाक्यावर आहेत. कांदे, बटाटे, टोमॅटो, हिरवी मिरची, भेंडी, कोबी, फ्लॉवर, गाजर, बीन्स यांसाठी एवढ्या स्वस्तात दुसरा पर्याय नाही. दिवसाचे दर पाटीवर लिहिलेले असतात. पाटी नसेल तर ती कुठे आहे ते विचारावे. दर विचारणे आणि पाटी बघणे यांत फरक पडू शकतो.

अडचणी दोन. पहिली वेळेची. माल सकाळी येतो आणि चांगला तो आधी जातो. नऊच्या आत गेलात तर भेंडी कोवळी मिळेल, अकरानंतर वाकवली तरी न तुटणारी जून भेंडी आणि दबलेले टोमॅटो उरतात. दुसरी अडचण निवडीची. काही गाडेवाले हात लावू देतात, काही सरसकट भरून देतात. देत नसेल तर टोमॅटो आणि बीन्स तिथे घेऊ नयेत; कांदे, बटाटे, कोबी यांत निवडण्यासारखे फार नसते. पाटीवर नसलेली एखादी भाजी गाड्यावर दिसली तर ती अनुदानाच्या दराची नाही असे धरून भाव विचारावा.

पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की गाडा एखादा दिवस रिकामा राहतो. जून ते सप्टेंबर घरात दोन किलो बटाटे आणि तेवढेच कांदे शिल्लक ठेवण्याची सवय गोव्यात उगाच नाही.

म्हापसा आणि आठवड्याचे बाजार

म्हापशाचा बाजार रोजचा असला तरी खरा भरतो शुक्रवारी. बार्देस-पेडण्याच्या गावांतल्या बायका आपल्या परसातला, शेतातला माल घेऊन येतात. डिचोलीला बुधवारी, साखळीला सोमवारी असेच बाजार भरतात, आकाराने लहान. तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर म्हापशापर्यंत जाण्याची गरज नाही.

शेतकरीण कोण आणि पुनर्विक्री करणारी कोण हे ओळखायला सोपे आहे. जिच्यापुढे वीस भाज्या आहेत, तिच्याकडे गाजर आणि फ्लॉवरही आहे, तिचा माल घाऊक बाजारातून आलेला. जिच्यापुढे टोपलीत चारच जिन्नस आहेत, म्हणजे तांबड्या भाजीच्या (लाल माठाच्या) आठ-दहा जुड्या, एक केळीचा फणा, पाच-सहा नारळ, थोडे आळसांदे (गावठी चवळी), ती घरचे घेऊन बसली आहे. तिच्याकडे भाव फार करू नये. सकाळी लवकर गेलात तर ती ओट्यावर नसून बाहेरच्या वाटेवर, जमिनीवर गोणपाट घालून बसलेली सापडते.

काय शोधायचे ते ऋतूवर आहे. नोव्हेंबर ते मार्च वायंगण पिकाचा काळ. भात कापून झाल्यावर त्याच शेतात तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वांगी, मिरच्या, वालीच्या शेंगा लावतात. तांबड्या भाजीची जुडी मुळासकट, आखूड, पाने पातळ अशी हवी. देठ बोटाएवढा जाड झाला असेल तर निम्मी जुडी फेकावी लागेल. अगशीचे वांगे मोठे, चकचकीत आणि बिया कमी असलेले. काप करायला तेच. हातात घेऊन तोलावे: आकाराच्या मानाने हलके लागले तर ते शिळे आहे.

गोव्याची सात शिरांची भेंडी नवख्या माणसाला फसवते. ती फिकट हिरवी आणि बेळगावच्या भेंडीच्या दुप्पट लांब, म्हणून जून समजून लोक सोडून देतात. टोक मोडून बघा. टचकन तुटले तर वीतभर लांबीचीसुद्धा कोवळी आहे. पावसाळ्यात माळावरची दोडकी, काकड्या, चिबूड आणि रानातला टाकळा, कुड्डूक येतो. चतुर्थीआधीच्या चार दिवसांत माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाने बाजार तुडुंब भरतो आणि रोजची भाजी घ्यायला जागाच उरत नाही. त्या दिवसांत भाजी गाड्यावरूनच आणावी.

बटाटा गोव्याचा कुणी म्हणाले तर हसून पुढे जावे. कांदा मात्र गावठी असतो: छोटा, लाल, तिखट, पातीसकट विणलेल्या माळेत. एप्रिल-मेमध्ये घेऊन स्वयंपाकघरात वाऱ्याला टांगला तर पावसात बराच काळ टिकतो. माळेच्या मधला एखादा कांदा दाबून बघावा, कारण कुजलेला कांदा आत लपवणे सोपे असते.

बहुतेक माल वजनाऐवजी वाट्याने, जुडीने, डझनाने किंवा नगाने मिळतो. ज्याला किलोच्या भावाची तुलना करायची आहे त्याने एकदा घरच्या काट्यावर एक वाटा तोलून बघावा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज येतो. मानकुराद आंबाही डझनाने घ्यायचा असतो. मार्चमधल्या पहिल्या आंब्याला सोन्याचा भाव असतो. मेच्या मध्यापर्यंत थांबलात तर तोच आंबा परवडू लागतो, फक्त पाऊस लवकर आला तर किडका निघण्याची शक्यता वाढते.

मेमधली पुरुमेंताची खरेदी

गोव्यात पावसाळ्याची बेगमी, म्हणजे पुरुमेंत, मे महिन्यात करतात. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या सुमारास भरणारी फेरी (जत्रेचा बाजार) आणि म्हापशाचे मेमधले शुक्रवार ही त्याची ठिकाणे. सुक्या मिरच्या, सोले (आमसुले), सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), माडाचा काळा गूळ आणि चिंच हे सामान तेव्हा एकदाच घ्यावे. वर्षभर सुपरमार्केटमध्ये पाकिटात मिळते खरे, पण दरही वेगळा आणि चवही.

मिरचीत काणकोणची खोला आणि पेडण्याची हरमल या दोघींना भौगोलिक मानांकन आहे. पण गोणीवर नाव लिहिलेले असते म्हणून आतली मिरची तीच असेल असे नाही. मूठभर हातात घेऊन वाकवा. चामड्यासारखी वाकली पाहिजे. ओली, चिकट लागली तर जूनमध्ये बुरशी येणार. चुरा झाली तर जुना माल. चार माणसांच्या, रोज आमटी-हुमण करणाऱ्या घराला दोन ते तीन किलो पुरतात. घरी आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट डब्यात भरायच्या. गरम असताना डबा बंद केला की आत वाफ धरते आणि सगळा खर्च वाया जातो.

सुकी मासळी मुठीत दाबा: ओलसर वाटली किंवा वाळू कचकचली तर नको. आंबट-उग्र, डोळ्यांत जाणारा वास आला तर ती नीट वाळण्याआधीच खराब झालेली असते.

मासळी

मडगावचा एसजीपीडीएचा (दक्षिण गोवा नियोजन व विकास प्राधिकरणाचा) बाजार घाऊक आणि किरकोळ दोन्ही. पहाटे व्यापारी उचल करतात, सामान्य गिऱ्हाइकाने उजाडल्यावर जावे. पणजी आणि म्हापशाच्या बाजारांत निवड कमी पण चालते. दारावर येणारी मासळीवाली थोडी महाग पडते, तरी नेहमीचे गिऱ्हाईक झालात तर शिळे गळ्यात मारत नाही, आणि साफ करून देते. माझ्या मते नवख्याने पहिले दोन-तीन महिने तिच्याकडूनच घ्यावे.

बांगडे, तारले वाट्याने मिळतात, इसवण (सुरमई) किलोने. एक किलो सालासकट सुंगटांतून सोलल्यावर साधारण अर्धा किलो हाती येतो, तेव्हा ॲपवरच्या सोललेल्या कोळंबीचा दर बाजाराच्या दुपटीएवढा दिसला तरी तो लगेच लुटारू ठरत नाही. कापून घ्यायचे पैसे बाजारात वेगळे द्यावे लागतात. कल्ले लाल, डोळे फुगीर, अंग ताठ ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते. शेपटीकडून धरल्यावर मासा लोंबला तर तो जुना, हीही करून बघावी.

1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात. त्या काळात समोर बर्फातली मोठी इसवण दिसली तर ती बाहेरच्या राज्यातून किंवा शीतगृहातून आलेली समजावी. 2018 च्या पावसाळ्यात फॉर्मेलिन या रसायनाचा वाद मडगावच्या बाजारातून उठला तो याच आयात मासळीवरून. फॉर्मेलिन घरच्या घरी खात्रीने ओळखता येत नाही. त्यामुळे बंदीच्या दोन महिन्यांत खाडीतली सुंगटे, शेवटे आणि काळुंदर हे मासे, तिसऱ्या आणि शिनाण्या हे शिंपले घ्यावे. तिसऱ्या बंद शिंपल्यांच्याच घ्या. टिचकी मारूनही मिटत नसतील त्या बाजूला काढा.

रविवारी आणि बुधवारी गिऱ्हाईक जास्त असते. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासळी शिजत नाही, तेव्हा भाव करायला थोडी जागा असते.

बागायतदार, सुपरमार्केट आणि नाक्यावरचे दुकान

किराण्यासाठी पहिली पसंती गोवा बागायतदारच्या दुकानांना. फोंड्याची ही सहकारी संस्था मुळात सुपारी, नारळ, काजू पिकवणाऱ्यांचा माल घेण्यासाठी उभी राहिली. तिचे बाजार आता राज्यभर आहेत. उकडे तांदूळ, खोबरेल, डाळी, मसाले यांचा महिन्याचा माल तिथे घ्यावा. उकड्यात ज्योती आणि जया ही नेहमीची भाताची वाणे. कुणा शेतकऱ्याची ओळख निघाली तर नोव्हेंबरनंतर नवे उकडे थेट घेता येतात, पण नवे तांदूळ शिजवताना पाणी कमी लागते हे लक्षात ठेवावे.

डाळ, तांदूळ, पीठ सुटे घ्यायचे की पाकीट, हा हिशेबाचा प्रश्न आहे. 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्य-डाळींवर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. पण सुट्या डाळीत खडे आणि तूट किती निघते ते बघा. किलोमागे पन्नास ग्रॅम कचरा निघाला की करात वाचवलेले पैसे गेले.

काजूचा वेगळा विचार करावा. डब्ल्यू 320 म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 गर. आकडा जितका लहान तितका गर मोठा. पण मोठा गर म्हणजे गोव्याचा गर असे नव्हे, कारण इथले कारखाने आफ्रिकेतून आलेल्या कच्च्या बियांवरही प्रक्रिया करतात. चवीसाठी हवा असेल तर सालीसकट भाजलेला, मध्यम आकाराचा, स्थानिक बियांचा आहे असे स्पष्ट सांगणाऱ्या दुकानातून घ्या. घरच्या शिऱ्यासाठी तुकडा घेतला तर किंमत बरीच उतरते आणि शिऱ्यात फरक कळत नाही.

मॅग्सन, डेल्फिनोज यांसारखी सुपरमार्केट चीज, पास्ता, वाइन, थंड मांस यांसाठी ठीक. तिथली भाजी हा सर्वांत महाग पर्याय असून ती आली तिथूनच, बेळगावहून. नाक्यावरच्या दुकानाची उपयुक्तता उधारी, रात्रीचे आठ आणि अर्धा पाव पोह्यांपुरती, आणि ती कमी नाही.

ॲप आणि पोदेर

ब्लिंकिट, इन्स्टामार्ट मोठ्या शहरांत आणि लगतच्या भागांत चालतात; गावात गेलात की यादीच येत नाही. पाकिटातला दर नेहमी किलोत करून बघा. 250 ग्रॅम भेंडी 32 रुपयांना म्हणजे 128 रुपये किलो, त्यावर हाताळणी आणि घरपोच शुल्क. मोठ्या ऑर्डरवर हे शुल्क कमी पडते, पण लोक ॲप वापरतात ते नेमके लहान ऑर्डरसाठी. साबण, डायपर, आजारी माणसासाठी नारळपाणी, अवेळी पाहुणे यांसाठी ते ठेवावे.

पाव मात्र पोदेराकडूनच, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याकडूनच, घ्यावा. सायकलचा भोंगा सकाळी आणि संध्याकाळी वाजतो. उंडे, कातरे पाव, पोई हे सगळे त्याच्याकडे. पोई कोंड्याची असल्याने संध्याकाळपर्यंत टिकते, पाव दुपारीच चिवट होतो. सुट्टे पैसे आणि कापडी पिशवी दाराशी ठेवा, तो थांबत नाही.

कोणी काय करावे

एकटा नोकरदार पणजी-पर्वरीत राहत असेल तर कामावर जाताना गाडा, रात्री ॲप आणि महिन्यातून एकदा बागायतदार एवढ्यावर भागते. म्हापशाची खेप त्याने एप्रिल-मेमध्ये करावी. चार माणसांच्या कुटुंबाने बेळगावची भाजी आठवड्यातून दोनदा गाड्यावरून आणावी आणि शुक्रवारी बाजारातून फक्त गावचा माल आणावा: दोन जुड्या पालेभाजी, वांगी, केळी, नारळ. शुक्रवारी सकाळी नोकरीमुळे जमत नसेल तर दुपारनंतरचा म्हापसा टाळा, चांगला माल केव्हाच गेलेला असतो. त्यापेक्षा शनिवारी सकाळी आपल्या गावच्या बाजारात जा. भाड्याने महिनाभर राहायला आलेल्यांनी पुरुमेंताच्या फंदात पडू नये, अर्धा किलो मिरची आणि पाव किलो सोले पुष्कळ होतात. आणि किनारपट्टीवर, पर्यटकांच्या रस्त्यावर राहत असाल तर दोन किलोमीटर आत, गावच्या चर्च किंवा पंचायतीजवळचा गाडा शोधा. तिथली गर्दी स्थानिकांची असते.