सोलापूरच्या उन्हात जुन्या फोनचे व्होल्टेज आणि क्लॉक : सात महिन्यांचा अनुभव

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी नमुन्यांचे फोटो काढून व्यापाऱ्यांना पाठवण्याचे काम करतो. एप्रिल-मे महिन्यांत शहराचा पारा ४२ अंशांवर गेला की पत्र्याखाली दिवसभर चालू असलेला कोणताही फोन तापणारच, म्हणून प्रोसेसरचे व्होल्टेज आणि क्लॉक (म्हणजे त्याचा वेग) कमी करून फोन थंड ठेवण्याच्या तयारीला नोव्हेंबरपासूनच लागलो.

फोन २०१६ सालचा गॅलेक्सी एस ७ आहे. त्यातील एक्झिनॉस ८८९० या १४ नॅनोमीटरच्या प्रोसेसरचे चार मोठे कोअर (प्रत्यक्ष गणना करणारे भाग) २.३ गिगाहर्ट्‌झपर्यंत आणि चार लहान कोअर १.६ पर्यंत चालतात. आधी बॅटरी बदलून घेतली, कारण थकलेली बॅटरीही ऐन भारात फोन बंद पाडते आणि मग दोष तिचा की उतरवलेल्या व्होल्टेजचा, हे कळत नाही. नंतर फोन रूट करून (म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवून) व्होल्टेज बदलू देणारा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, टाकला. असे केल्याने या फोनमधील नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेची नोंद बदलते आणि ती एकदा बदलली की पूर्ववत होत नाही, सिक्युअर फोल्डर (खासगी फाइल्सचा कुलूपबंद कप्पा) कायमचे बंद होते आणि बँकांची काही ॲप्सही चालत नाहीत. त्यामुळे यूपीआयसाठी मी वेगळा फोन ठेवला आहे.

वेग तोच ठेवून व्होल्टेज १००० मिलिव्होल्टवरून ९५० वर आणले, तर चिपचा क्रियाशील वीजवापर सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. मात्र स्क्रीन आणि मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) यांचा खर्च तसाच राहत असल्याने बॅटरीत जाणवणारी बचत त्याहून बरीच कमी असते. शिवाय प्रत्येक चिपची सहनशक्ती वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवू नयेत.

मी १२.५ मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी खाली गेलो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, ५० मिलिव्होल्ट कमी करूनही फोन आठवडेच्या आठवडे सुरळीत चालला आणि काम झाले असे मी मानले. ती माझी चूक होती. मार्चअखेरीस भर दुपारी सलग फोटो काढताना तो दोनदा आपोआप रीस्टार्ट झाला. वरच्या वेगांसाठीची कपात २५ वर आणल्यावर तो प्रकार थांबला. नवे आकडे फोन सुरू होताच आपोआप लागू होऊ न देण्याची काळजी मी घेतली होती, म्हणून रीस्टार्टनंतर फोन मूळ व्होल्टेजवर आला. अन्यथा तो पुन्हापुन्हा बंद पडत राहिला असता.

खरा दिलासा मिळाला तो क्लॉकमुळे. सर्वांत वरच्या वेगांना व्होल्टेजही सर्वाधिक लागते, म्हणून मोठ्या कोअरची मर्यादा १.८७ गिगाहर्ट्‌झवर आणताच दुपारचे बॅटरीचे तापमान ४५ अंशांवरून ४१ वर आले. कॅमेरा उघडायला किंचित उशीर होतो, पण तापल्यामुळे प्रोसेसर स्वतःच वेग उतरवत असे आणि फोन मध्येच अडखळे, तसे आता होत नाही. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी आधी केवळ ही मर्यादा घालून महिनाभर पाहीन आणि व्होल्टेजला हात लावायचाच असेल तर त्याची चाचणी मे महिन्याच्या दुपारी, त्याच पत्र्याखाली घेईन.