पूरनकाशा करून देणारी सेवा: आमच्या खाजनातील अनुभव

गोव्यातील मांडवीकाठच्या आमच्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, बांध कुठे उंच करावा आणि कोणता मानस (बांधातील दारे असलेली पाण्याची वाट) आधी दुरुस्त करावा, हे ठरवण्यासाठी आमच्या शेतकरी संस्थेने एका सल्लागार कंपनीकडून पुराचे सिम्युलेशन मॉडेल करून घेतले. पंचायत याच नकाशावरून बांधकामांविषयी मत बनवणार असल्यामुळे तो कितपत भरवशाचा आहे, हे तपासणे आम्हांला भागच होते.

सॉफ्टवेअरविषयी तक्रार नाही. हेक-रास (HEC-RAS) हे नदीच्या पाण्याचे गणित करणारे सॉफ्टवेअर अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने विकसित केलेले असून ते मोफत मिळते आणि जगभर वापरले जाते. उणीव होती ती त्यात भरलेल्या माहितीत. जमिनीची उंची सन 2000 मधील अवकाशयानाच्या मोजणीतून, म्हणजे 30 मीटरच्या चौकटींमधून, घेतली होती. आमच्या बांधाचा माथा जेमतेम दोन पावले रुंद, त्यामुळे प्रत्येक चौकटीला एकच उंची देताना तो शेतात विरून गेला आणि बांध शाबूत असतानाही नकाशात सगळे खाजन बुडाले. शिवाय खालच्या टोकाला नदीची पातळी स्थिर धरली होती. मांडवीत भरती थेट वरच्या गांजे गावापर्यंत चढते, भरतीला मानसाची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि आतले पावसाचे पाणी सुकतीपर्यंत, म्हणजे ओहोटीपर्यंत, अडून राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुसळधार पाऊस आला की आमचा खरा पूर येतो, आणि नेमका तोच त्या नकाशात नव्हता.

पुरावा म्हणून जुलै 2021 च्या पुराशी आकडे जुळतात असे दाखवले होते. मात्र पात्राच्या खडबडीतपणाचा गुणांक (पात्र वाहत्या पाण्याला किती अडवते, तो आकडा) त्याच पुरावरून बेतलेला होता, त्यामुळे ते जुळणे म्हणजे आधीच फुटलेल्या पेपरात मिळवलेले गुण होत. त्यातही देवळाच्या मंडपातील खांबावरची त्या पुराची खूण माझ्या कमरेला लागते, तर नकाशात तिथे पुरुषभर पाणी होते.

आम्ही हे लेखी मांडल्यावर कंपनीने टाळाटाळ केली नाही, हे आवर्जून नोंदवतो. त्यांच्या माणसांनी चार दिवस चिखलात उतरून बांधाची उंची मोजली, भरती-ओहोटीचे आकडे घातले आणि दुसऱ्या एका वर्षाच्या पुराच्या खुणांवर मॉडेल पुन्हा तपासले. आता फरक वीतभराचा आहे. गुणांक बदलल्यास पाणी कुठवर सरकते, हे दाखवणारे तीन वेगळे नकाशेही मिळाले, आणि मला तेच सर्वांत उपयोगाचे वाटतात, कारण तिन्हींत बुडणाऱ्या जागी घर बांधू नये हे कोणालाही पटते.

पाचपैकी तीन तारे देतो. मॉडेलच्या मूळ फाइली अजून हाती आलेल्या नाहीत, आणि त्यांच्याविना दुसऱ्या अभियंत्याला तेच गणित पुन्हा करून पाहता येत नाही. काम देणाऱ्यांनी ही अट करारातच लिहून घ्यावी. आम्ही ती लिहिली नव्हती, म्हणून शेवटचा हप्ता सध्या राखून ठेवला आहे.