नैसर्गिक की कृत्रिम? जैवपदार्थ निवडताना आधी तो तुटतो कसा ते पाहा

शरीरात ठेवायचा पदार्थ (म्हणजेच जैवपदार्थ) नैसर्गिक घ्यावा की कृत्रिम, हे ठरवताना बहुतेक जण सुरक्षिततेपासून सुरुवात करतात. त्यातून फारसं हाती लागत नाही, कारण त्रास दोन्हीकडून होऊ शकतो. मी आधी विचारेन, हा पदार्थ आत गेल्यावर तोडणार कोण: एन्झाइम की पाणी?

विरघळणारे टाके घ्या. कॅटगट मेंढ्या-गुरांच्या आतड्यापासून बनतं, म्हणजे मुख्यतः कोलॅजेन. ते प्रथिनं फोडणाऱ्या एन्झाइममुळे तुटतं. जखमेत जंतुसंसर्ग झाला की तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, एन्झाइम वाढतात आणि धागा नेमका नको तेव्हा ढिला पडतो. क्रोमियमच्या क्षारांची प्रक्रिया केली की तो जास्त टिकतो, पण किती, याचा भरवसा नाही. याउलट पॉलिग्लॅक्टिन 910 या कृत्रिम धाग्यामध्ये 90 टक्के ग्लायकोलाइड आणि 10 टक्के लॅक्टाइड असतं. त्यातले एस्टर बंध, म्हणजे साखळीतले दुवे, पाण्याने तुटतात आणि पाणी काही रुग्णागणिक बदलत नाही. दोन आठवड्यांनी सुमारे 75 टक्के ताकद शिल्लक राहते, साधारण 56 ते 70 दिवसांत धागा शोषला जातो. इथे मी बिनदिक्कत कृत्रिम घेईन.

हाच हिशेब औषध हळूहळू सोडणाऱ्या कणांना लागू पडतो. पीएलजीए म्हणजे याच लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइडचं पॉलिमर; त्यात दोन्ही घटक निम्मे-निम्मे असले तर ते एक-दोन महिन्यांत विरतं. लॅक्टाइड वाढवा, त्याचा मिथाइल गट पाण्याला दूर ठेवतो आणि वेग मंदावतो. निव्वळ लॅक्टाइडचं पॉली-एल-लॅक्टिक आम्ल तर वर्षानुवर्षं टिकतं. एक खोच मात्र आहे. तुकडा जाड असेल तर आत तयार झालेलं आम्ल बाहेर पडत नाही, उलट विघटन आणखी वाढवतं. वरून धड दिसणारा तुकडा आतून पोखरलेला असतो, आणि फुटला की साठलेलं आम्ल एकदम बाहेर येऊन आजूबाजूच्या ऊती चिडतात.

पेशी रुजवायच्या असतील तर पारडं फिरतं. कोलॅजेनच्या साखळीत अमिनो आम्लांचे असे क्रम असतात, जे पेशींवरच्या इंटिग्रिनना (पकड घेणाऱ्या प्रथिनांना) ओळखता येतात. पॉलिलॅक्टिक आम्लात असं काहीच नाही. पण म्हणून नैसर्गिक ते सगळं पेशींना मानवतं, असं धरून चालू नका. अल्जिनेट समुद्रशेवाळातून येतं, तरी त्यात पेशींना धरायला जागा नसते आणि ते तोडणारं एन्झाइमही आपल्याकडे नाही. जेल बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा सोडियम घेत गेलं की जेल नुसतं सैल पडतं.

कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून बनणारा पदार्थ) घेणाऱ्यांनी तपासणी अहवालात अ‍ॅसिटाइल गट किती टक्के काढलेत आणि रेणुभार किती, हे पाहावंच. नाव तेच असलं तरी दोन बाटल्यांतला माल वेगळा वागतो.

निर्जंतुकीकरणात कोणाचीच सरशी नाही. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत) कोलॅजेनचं जिलेटिन होतं, पीएलजीएच्या साखळ्या तुटतात.

थोडक्यात, भाजलेल्या जखमेवर कोलॅजेन, मोजून-मापून औषध सोडायला पीएलजीए, आणि हाडाच्या साच्यासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या सावकाश विरणाऱ्या कृत्रिम पॉलिमरच्या सांगाड्यावर जिलेटिनचा थर, अशी माझी निवड राहील. सांधा कायमचा बदलायचा असेल तर यातलं काहीच नको, तिथे धातू आणि अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीनच लागतं. सुमारे 6 मिलिमीटरपेक्षा बारीक रक्तवाहिनी जोडायची असेल, तर कृत्रिम नळीत गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. रुग्णाच्या पायातली शीर चांगली असेल तर तीच वापरावी.