चेरोकी पूर्वज शोधायचे, तर आधी कुठली यादी उघडायची?

सुनेच्या माहेरी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली: पणजीची आई चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ आदिवासी राष्ट्रांपैकी एकातली, होती. विहीणबाई आर्कान्सातल्या. मुलाकडे सहा महिने राहायला गेलो तेव्हा त्यांनी एक जुनी बायबल आणि चार फोटो माझ्यासमोर ठेवले. तलाठ्याची नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काम तरी काय देणार!

ही गोष्ट अमेरिकेत घरोघरी ऐकू येते आणि बऱ्याच ठिकाणी ती पणजी ‘राजकन्या’ असते. चेरोकींमध्ये राजघराणंच नव्हतं. सात कुळं होती, लांडगा, हरिण, पक्षी अशी, आणि कूळ आईकडून मिळायचं. त्यामुळे ‘राजकन्या’ हा शब्द आला की मी शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करतो.

शोधाला बसलेल्या माणसासमोर तीन मोठ्या याद्या येतात, डॉज, मिलर आणि बेकर. चौथा पर्याय थुंकीच्या बाटलीचा, म्हणजे डीएनए चाचणीचा. कुठून सुरुवात करायची हे ठरवण्याआधी ती यादी कशासाठी झाली ते बघावं. सातबारा महसुलासाठी असतो. त्यावरून मालकी सांगायला गेलं की कोर्टात कान उपटले जातात. तसंच हे. एकही यादी वंशावळ राखायला झालेली नाही. कुणाला जमीन द्यायची होती, कुणाला पैसे.

डॉज रोल म्हणजे जमीनवाटपाचं दप्तर. आजच्या ओक्लाहोमातली चेरोकींची जमीन सगळ्या राष्ट्राच्या सामाईक मालकीची होती. ती तोडून माणशी वाटायची म्हणून १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. माजी सेनेटर हेन्री डॉज त्याचे अध्यक्ष, म्हणून हे नाव. नोंदणी १८९८ ते १९०७ या काळात झाली, थोडी नावं १९१४ मध्ये घातली गेली. चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकासॉ आणि सेमिनोल या पाचही राष्ट्रांतून अडीच लाखांवर लोकांनी अर्ज केले, मंजूर झाले सुमारे १ लाख १ हजार. चेरोकींना माणशी सरासरी प्रतीच्या ११० एकरांच्या किमतीएवढी जमीन मिळायची होती, त्यातली ४० एकर घरवाट्याची.

या यादीचं काम पायरीपायरीने चालतं. अंतिम यादीत नाव सापडलं की क्रमांक मिळतो, त्यावरून कार्ड. कार्डावर कुटुंब, वय, आईबापांची नावं, टपाल कचेरी आणि १८८० च्या चेरोकी जनगणनेतला संदर्भ. कार्डापेक्षा मोलाचं असतं अर्जाचं पाकीट. त्यात जबाब असतात, प्रश्नोत्तरासकट. आणि वाटपाच्या नकाशावर जमिनीचा तुकडाच सापडतो! मी सुनेला म्हटलं, हा तर गटवारीचा नकाशा. तिला काही कळलं नाही, पण मला घरच्यासारखं वाटलं.

दोष मात्र मोठे आहेत. इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमातल्या त्या भागात, राहणाऱ्यांचीच नावं घ्यायची होती. ज्याचा बाप १८७० मध्ये टेक्सासला निघून गेला, तो खरा चेरोकी असूनही इथे नाही. दुसरं, रक्ताचा अपूर्णांक. १/४, १/८ असे जे आकडे लिहिलेत ते कारकुनाच्या अंदाजाचे. सख्ख्या भावंडांचे वेगवेगळे निघतात. पूर्वीच्या गुलामांच्या वंशजांना ‘फ्रीडमन’ या वेगळ्या यादीत टाकलं. बाप चेरोकी आणि आई गुलाम असेल तरी लेकरू बहुधा त्याच यादीत, तिथे अपूर्णांक नाहीच. १८६६ च्या तहाने दिलेले त्यांचे हक्क २०१७ च्या फेडरल निकालाने पक्के झाले, आणि २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या, म्हणजे ओक्लाहोमातल्या चेरोकी सरकारच्या, सर्वोच्च न्यायालयाने घटनेतून ‘रक्ताने’ हा शब्दच काढला. शिवाय रेडबर्ड स्मिथ या जुन्या वळणाच्या चेरोकी पुढाऱ्याच्या अनुयायांना हे वाटपच नको होतं. त्यांनी नाव द्यायला नकार दिला, काहींना अटक करून नोंदवलं गेलं. अशा कार्डावरची माहिती घरच्यांनी आपणहून दिलेली नसते, हे ध्यानात ठेवावं.

मिलर रोल पैशाचा. १८३५ च्या न्यू एकोटा तहानंतर चेरोकींना जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा, नॉर्थ कॅरोलिनातून हुसकावलं गेलं. १८३८-३९ च्या त्या वाटेवर अंदाजे ४,००० माणसं मेली असं मानतात. त्या आणि नंतरच्या तहांच्या थकीत देण्यावरून दावा चालला आणि चेरोकींच्या बाजूने लागला. रक्कम दहा लाख डॉलरच्या वर. ती कुणाला द्यायची हे ठरवायला गायन मिलर नावाचा अधिकारी नेमला. सुमारे ४६ हजार अर्ज आले, त्यांत ९० हजारांच्या आसपास दावेदार. १९०९ च्या यादीत मंजूर ३०,२५४: मिसिसिपीच्या पूर्वेला ३,२०३, पश्चिमेला २७,०५१.

मला विचाराल तर वंशावळीसाठी याच्याइतकं दप्तर दुसरं नाही. अर्जात स्वतःचं इंग्रजी आणि चेरोकी नाव, जन्मठिकाण, आईबाप, आजीआजोबा, भावंडं, काकामामा-आत्यामावश्या, सगळं भरायचं होतं. वारसनोंदीच्या अर्जाला आम्ही कधी एवढं विचारलं नाही. शिवाय अर्जदार कुठेही राहत असला तरी चाले. आणि यादी मागे नेते. पश्चिमेकडच्या मंजूर माणसाचा धागा बहुधा १८५१ च्या ड्रेनन रोलला जोडलेला असतो, म्हणजे पश्चिमेला पोहोचलेली कुटुंबं, जिल्ह्यावार. तिथून मागे १८३५ चा हेंडरसन रोल, हुसकावण्याआधीचा. त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, कुठल्या ओढ्याकाठी घर, शेत किती, मका किती, घरात चेरोकी वाचणारे किती आणि इंग्रजी वाचणारे किती. पीकपाहणीच म्हणा ना. त्यानंतरच्या मूल्यांकनाच्या कागदांत पीचची झाडंसुद्धा मोजलीत. माणसाला घालवून देण्याआधी त्याची झाडं मोजून ठेवणारं सरकार मी पाहिलेलं आहे, धरणाच्या गावांत. मोजणारा मीच होतो.

मिलरची दोन कुंपणं सांगून ठेवतो. १८३५ च्या आधीच स्वखुशीने पश्चिमेला गेलेल्या ‘ओल्ड सेटलर’ कुटुंबांचा या पैशावर हक्क नव्हता. त्यांच्यासाठी १८५१ ची त्यांची वेगळी यादी आणि १८९६ चं वाटपपत्रक बघावं. दुसरं म्हणजे, अर्ज सापडला म्हणून पूर्वज चेरोकी ठरत नाही. पैसे वाटणार म्हटल्यावर रांग कुठे नसते? दावेदारांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा मंजूर झाला.

बेकर रोल १९२४ चा. ज्यांनी नॉर्थ कॅरोलिनाचे डोंगर सोडलेच नाहीत, त्या ईस्टर्न बँडचा. जमीन वाटायची म्हणून हीही यादी केली. जमीन काही वाटली गेली नाही, यादी राहिली. घराणं त्या डोंगरांतल्या क्वाला परिसरातलं नसेल तर इथे वेळ घालवू नये.

आता थुंकीची बाटली. सुनेने माझ्या आधीच कंपनीकडे पाठवून दिली होती. उत्तर आलं: शून्य टक्के. विहीणबाई दोन दिवस गप्प होत्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की सहा पिढ्या मागे माणसाचे ६४ पूर्वज असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा तुकडा आपल्यात उतरेलच असं नाही. उलट, टक्केवारी निघाली असती तरी ती चेरोकीची की दुसऱ्या कुठल्या आदिवासी लोकांची हे तिच्यावरून कळत नाही. २०१८ मध्ये सेनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी अशी चाचणी जाहीर केली तेव्हा चेरोकी नेशनने उघड नापसंती दाखवली होती. नागरिकत्वाला ही टक्केवारी कोणी मानत नाही. ईस्टर्न बँड डीएनए मागतं ते आईबापाचं नातं सिद्ध करायला, ती वेगळी चाचणी. चुलत-मावस नातलग गाठायला बाटलीचा उपयोग होतो, तेवढ्यापुरती घ्यावी.

तेव्हा निवड अशी. नागरिकत्वच हवं असेल तर पर्याय फार नाहीत. टॅलेक्वाच्या चेरोकी नेशनला डॉज रोलवरचा थेट पूर्वज लागतो, रक्ताची किमान अट नाही. ईस्टर्न बँडला बेकर रोलवरचा पूर्वज आणि किमान १/१६ रक्त. तिसरं सरकार युनायटेड किटूवा बँडचं, तिथे १/४. मिलरमध्ये नाव आहे पण डॉजमध्ये नाही, तर चेरोकी नेशनचं दार बंद. त्यावर हळहळून उपयोग नाही.

माणसं कुठून कुठे गेली हे हवं असेल, तर १९०० च्या सुमारास कुटुंब कुठे होतं ते आधी ठरवा. त्या वर्षीच्या फेडरल जनगणनेत इंडियन लोकांसाठी वेगळे तक्ते आहेत, त्यांत आईबापाची जमातही लिहिलीय. उत्तरपूर्व ओक्लाहोमात असतील तर डॉज, मग मिलर. इतर कुठेही असतील तर आधी मिलर. नाव शोधताना आडनावाच्या एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. कारकून कानाने लिहायचे, आणि चेरोकी नावाचं कधी भाषांतर व्हायचं, कधी नुसता उच्चार. पैसे भरून कुठल्या संकेतस्थळाचं वर्षभराचं सदस्यत्व घ्यायची घाईही नको. मी घेतलं, डॉजची यादी ओक्लाहोमाची इतिहास सोसायटी आणि नॅशनल आर्काइव्ह्ज फुकट दाखवतात हे नंतर कळलं.

आमचं काय झालं? पणजीच्या आईच्या थोरल्या भावाचा मिलरचा अर्ज सापडला, आर्कान्सातून केलेला. नामंजूर. घरचं कोणी १८३५ किंवा १८५१ च्या यादीत नाही, असं कारण. पण अर्जात आजोबांचं नाव होतं, आजीचं माहेरचं नाव होतं, आणि टेनेसीतल्या कौंटीचं. विहीणबाईंना तोपर्यंत टेनेसीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, त्या कौंटीत जुन्या जमिनीच्या नोंदी कुठे ठेवतात?