मेमरी असलेली पॉवर सीट: यंत्र उत्तम, आठवण अपुरी

एकाच गाडीचे चालक दोन असतील आणि त्यांच्या उंचीत वीतभराचा फरक असेल, तर सीट मागेपुढे करणे, पाठ सरळ करणे आणि आरसे पुन्हा लावणे हा सगळा खटाटोप गाडी हाती घेताना दर वेळी करावा लागतो. घाईत तो अर्धवट होतो आणि चुकीच्या कोनातल्या आरशांनिशीच गाडी रस्त्यावर निघते. विजेवर सरकणारी आणि प्रत्येक चालकाची बैठक लक्षात ठेवणारी सीट याच अडचणीवरचा उपाय म्हणून विकली जाते. आमच्या गाडीत चालकासाठी अशी सीट आहे. ती आठ दिशांनी हलते, तिच्यासाठी दारावर दोन मेमरी बटणे आहेत आणि बाहेरचे दोन्ही आरसे तिच्याशी जोडलेले आहेत. मी आणि माझी पत्नी ती आलटून पालटून वापरतो. यंत्र म्हणून तिला जवळजवळ पूर्ण गुण द्यावे लागतील. मेमरी म्हणून मात्र ती हवे त्यापेक्षा कमी लक्षात ठेवते आणि त्याचा दोष तंत्राकडे जात नाही, उत्पादकाने केलेल्या काटकसरीकडे जातो.

आठ दिशा म्हणजे प्रत्यक्षात चार हालचाली, कारण प्रत्येक हालचालीच्या दोन बाजू वेगळ्या मोजल्या जातात. सीट पुढेमागे सरकते, संपूर्ण बैठक वरखाली होते, बैठकीची फक्त पुढची कड वरखाली होते आणि पाठ कलते. कमरेच्या आधारासाठी हवेने फुगणारी पिशवी बसवली की तीच सीट माहितीपत्रकात दहा किंवा बारा दिशांची होते. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून सीटची पारख करू नये. मांडीखालची कड स्वतंत्रपणे उचलता येते की नाही, हे मात्र आवर्जून पाहावे. लांब पायांच्या माणसाची मांडी या कडेअभावी अधांतरी राहते आणि तासाभराच्या प्रवासात पाय अवघडतात.

प्रत्येक हालचालीसाठी एक लहान डीसी मोटर असते. ती गाडीच्या १२ व्होल्टवर चालते आणि तिला मिळणाऱ्या विजेची धन-ऋण टोके अदलाबदल केली की उलटी फिरते. मोटरीचा वेग फार आणि जोर थोडा असतो, म्हणून मध्ये वर्म गिअर, म्हणजे मळसूत्राने फिरणारे दातेरी चाक, बसवून वेग उतरवला जातो आणि जोर वाढवला जातो. पुढेमागे सरकण्यासाठी दोन्ही रुळांत एकेक लांब मळसूत्र असते. बऱ्याच रचनांत मध्यभागी असलेली एकच मोटर दोन्ही मळसूत्रांना लवचीक दांड्यांनी एकाच वेळी फिरवते, त्यामुळे सीटची एक बाजू पुढे आणि दुसरी मागे असे होत नाही. या रचनेचा खरा फायदा मोटर थांबल्यावर दिसतो. मोटर मळसूत्र फिरवू शकते, पण सीटवरचे वजन कितीही रेटले तरी मळसूत्र उलटे फिरवू शकत नाही. जोरात ब्रेक लागला किंवा मागून धक्का बसला, तरी सीट विजेशिवायच जागेवर धरून राहते.

हाताने सरकवायच्या सीटच्या रुळात ठराविक अंतरावर खाचा असतात आणि आपल्याला नेमकी हवी असलेली जागा पुष्कळदा दोन खाचांच्या मधोमध येते. पॉवर सीटला अशा पायऱ्या नाहीत. ब्रेकचे पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचावे आणि तरीही छातीचे हाड स्टिअरिंगच्या मध्यापासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावे, या तिन्ही अटी एकदम पाळणे बुटक्या चालकाला अवघड जाते. पहिल्या अटीसाठी तो पुढे सरकतो आणि एअरबॅगच्या फार जवळ येतो. बैठक उंच करून, पाठ थोडी कलवून आणि सीट बोटभर मागे घेऊन हा पेच सोडवता येतो. माझ्या पत्नीच्या बाबतीत तो असाच सुटला. माझ्या मते या सीटचे पैसे वसूल होतात ते इथे, मेमरीचा प्रश्न त्यानंतरचा.

आता मेमरीकडे वळू. सीट कुठे आहे हे जाणण्यासाठी जुन्या रचनांत पोटेन्शिओमीटर, म्हणजे जागेनुसार विजेचा रोध बदलणारा भाग, वापरत. आजच्या बहुतेक सीटांत मोटरीच्या दांड्यावर एक चुंबकीय कडी आणि तिच्यासमोर चुंबकीय बदल ओळखणारा हॉल सेन्सर असतो. दांडा फिरला की सेन्सर स्पंद पाठवतो आणि सीटखालचा नियंत्रक ते मोजत राहतो. मोटर कोणत्या दिशेने चालवली आहे हे त्याला ठाऊकच असते, त्यामुळे एका दिशेचे स्पंद तो मिळवतो आणि दुसऱ्या दिशेचे वजा करतो. काही उत्पादक सेन्सरही लावत नाहीत. मोटर फिरताना तिच्या प्रवाहात बारीक चढउतार उमटतात, तेच मोजून ते काम भागवतात. अंधारात जिना उतरणारा माणूस जसा वरच्या पायरीपासून मोजत येतो, तशी ही पद्धत आहे: सीटला आपली जागा दिसत नाही, ती केवळ मोजणीवरून ओळखते. आपण सेट बटण आणि मग १ दाबतो, तेव्हा प्रत्येक मोटरीचा त्या क्षणाचा आकडा साठवला जातो. पुढे १ दाबल्यावर चालू आकडा साठवलेल्या आकड्याशी जुळेपर्यंत मोटरी फिरतात.

मोजणी चुकली की जागा चुकते. सीट सरकत असतानाच वीज तुटली किंवा बॅटरी काढली गेली, तर साठवलेले आकडे शाबूत राहूनही चालू आकडा बिघडू शकतो. आमच्या गाडीची बॅटरी बदलल्यानंतर सीट ठरल्या जागेच्या दोनेक बोटे अलीकडे थांबू लागली आणि तपासणाऱ्या कारागिराने नवा नियंत्रक बसवण्याचा सल्ला दिला. गाडीसोबतच्या पुस्तिकेत मात्र साधा उपाय होता. सीट प्रत्येक हालचालीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन बटण क्षणभर दाबून धरायचे, म्हणजे अडसराला टेकल्यावर मोटरीचा प्रवाह वाढतो आणि नियंत्रक तेथून नव्याने मोजू लागतो. नेमकी कृती गाडीगणिक वेगळी असते, तरी सुटे भाग विकत घेण्यापूर्वी पुस्तिकेतील ते पान अवश्य वाचावे.

आठवण जागी करण्याची पद्धत विचारपूर्वक ठरवलेली आहे. गाडी उभी असताना बटण एकदा दाबले की पुरते, चालत्या गाडीत मात्र ते दाबून कितीही वाट पाहिली तरी सीट हलत नाही. काही गाड्यांत ती बटण दाबून ठेवलेले असेपर्यंतच हलते. ब्रेकवर पाय असताना सीट आपोआप मागे जाणे किती धोक्याचे आहे, हे सांगायला नको. सीट सरकत असताना तिचे कोणतेही बटण दाबले की सगळे तिथल्या तिथे थांबते. चारही मोटरी एकदम धावत नाहीत. आमच्या सीटची आधी पुढेमागे हालचाल होते, मग उंची आणि शेवटी पाठ, आणि त्यामुळे विजेवरचा भारही एकदम वाढत नाही. या क्रमामुळे उंच माणसाच्या जागेवरून बुटक्याच्या जागेवर यायला दहा-पंधरा सेकंद जातात. हाताने खटका ओढणारा माणूस तेवढ्यात दोनदा सरकून बसेल, हे मान्य करायला हवे.

ही कल्पना नवी नाही. १९५७ साली अमेरिकेत मर्क्युरी टर्नपाइक क्रूझर या गाडीत ४९ जागांतून एक निवडता येणारी सीट मिळत होती, त्याच वर्षीच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहममध्येही मेमरी सीट होती आणि फोर्ड थंडरबर्डची सीट इग्निशन बंद करताच उतरण्यासाठी मागे सरकत असे. त्यानंतर सुधारली ती मुख्यतः मोजणी. बटणांच्या बाबतीत १९७९ च्या मर्सिडीज-बेंझ एस-क्लासने दारावर सीटच्याच आकाराची बटणे दिली आणि पाठीच्या आकाराचे बटण मागे ढकलले की पाठ मागे जाते, ही सोय आजही इतर कोणत्याही मांडणीपेक्षा समजायला सोपी आहे. आमच्या गाडीत ही बटणे सीटच्या बाजूला, दार लावल्यावर दिसणार नाहीत अशी आहेत, पण आकारावरून बोटांना ती सापडतात. ज्या गाड्यांत हे काम पडद्यावरील यादीत ढकलले आहे, त्यांना मी या बाबतीत कमीच गुण देईन.

आता उणिवा. आमच्या गाडीत स्टिअरिंग हाताने वरखाली करावे लागते आणि कमरेचा आधारही वेगळ्या खटक्याने लावावा लागतो, त्यामुळे मेमरीला दोन्हींचा पत्ता नसतो. माझ्यासाठी खाली घेतलेले स्टिअरिंग पत्नीच्या उंच बैठकीवरून वेगदर्शकाचा वरचा भाग झाकते, म्हणून सीट आणि आरसे जागेवर येऊनही एक खटका तिला दर वेळी ओढावाच लागतो. आरसे लक्षात राहतात ही मोठी सोय आहे, आतला आरसा मात्र हातानेच वळवावा लागतो. डोके टेकण्याची उशी आणि सीट बेल्टची खांद्याजवळची उंची तर बहुतेक गाड्यांत मेमरीच्या बाहेरच राहतात. उशीची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या जवळपास असली तरच मागून बसलेल्या धडकेत मानेचे रक्षण होते, आणि नेमके हेच काम चालक विसरतो, कारण बाकीचे सगळे आपोआप झालेले असते.

किल्लीवरून चालक ओळखण्याची सोय ऐकायला आकर्षक आहे. दोन्ही किल्ल्या एकाच वेळी गाडीजवळ असल्या की कोणाची बैठक लागेल याचा भरवसा राहत नाही. आम्ही दोघे बरोबर निघतो तेव्हा हे हमखास घडते, म्हणून ती सोय बंद ठेवून आम्ही दारावरचे बटणच दाबतो. उतरताना सीट आपोआप मागे नेणारी सोयही मी बंद केली आहे. गुडघ्याच्या जुन्या दुखण्याच्या माणसाला ती निश्चित उपयोगी आहे. पण मागे लहान मूल बसत असेल, तर सीट अडथळा ओळखून वेळीच थांबेल असे गृहीत धरू नये. सीटच्या मोटरीला बसलेल्या माणसाचे कमीअधिक वजन नेहमीच ओढावे लागते, त्यामुळे एखाद्या पायाचा हलका अडथळा तिला वेगळा ओळखणे कठीण जाते.

देखभाल फारशी नाही. रुळांत नाणी, बाटल्यांची झाकणे आणि चार्जरच्या वायरी जाऊ देऊ नयेत. मोटरीचा आवाज एका बाजूला जड झाला, तर रूळ तपासून घ्यावेत. सलग चालवलेली मोटर तापून आपोआप बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालते, म्हणून खेळ म्हणून मागेपुढे करणाऱ्या मुलाला आवरले की बरे. सीटखाली हात घालताना पिवळ्या जोडणीला मात्र स्पर्श करू नये, कारण ती बहुधा एअरबॅगची असते. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर सीट तसूभरही हलत नाही आणि बुटक्या चालकाच्या जागेवर अडकलेल्या सीटवर उंच माणसाला गुडघे छातीशी घेऊन बसावे लागते.

एकच माणूस गाडी चालवत असेल, तर त्याने पॉवर सीट घ्यावी आणि मेमरीसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. दोन चालकांच्या घरी मेमरी घेण्यासारखी आहे, पण खरेदीआधी दोघांनीही दुकानात जावे. एकाने आपली बैठक, बाहेरचे आरसे, स्टिअरिंग आणि कमरेचा आधार लावून १ वर साठवावे, दुसऱ्याने हे सगळे बदलून २ वर साठवावे, मग पुन्हा १ दाबून कोणकोणत्या गोष्टी हाताने लावाव्या लागल्या ते मोजावे आणि त्यानंतरच किमतीची बोलणी सुरू करावीत.